विहीणबाईंचं लोणचं

साधनानं डोक्यावर पदर घेतला आणि सगळं सभागृह हसलं.

हसणारच. अमरावतीच्या त्या सभागृहात तीन दिवस एकच गोष्ट शिकवत होते, छोट्या उद्योजकांना सल्ला कसा द्यायचा. आज परीक्षा. खरा उद्योजक समोर बसणार, सल्लागारानं त्याच्याशी बोलायचं आणि बाकीच्यांनी मागं बसून बघायचं. अशा वेळी दारातून उद्योजक आत येतो आणि सल्लागारच ताडकन उठून वाकून नमस्कार करते, हे कोणी पाहिलं नव्हतं. पण आत आलेली बाई मूर्तिजापूरची मनकर्णाबाई होती. साधनाच्या आकांक्षाची होणारी सासू! साखरपुडा झाला होता, लग्न दिवाळीनंतर होतं. मुलीच्या आईनं विहिणीसमोर खुर्चीत पसरून बसायचं? वऱ्हाडात तरी नाही.

"अव माय! विहीणबाई, तुमी इथं?" मनकर्णाबाईंनी लोणच्याच्या बरण्यांची पिशवी टेबलावर ठेवली. "मले त म्हटलं होतं, कोणी मोठे सल्लागार हायेत."

मागं पुन्हा हशा झाला. प्रशिक्षण देणारे धर्मेंद्र सर नागपूरचे, शांत माणूस. ते म्हणाले,

"नातं असेल तर आपण उद्योजक बदलू."

साधनाचा जीव भांड्यात पडला. पण मनकर्णाबाई कुठल्या ऐकायला!

"बदलता काहून जी? घरचं माणूस भेटलं, बरंच झालं."

आता विहिणीला नको कोण म्हणणार? साधना खाली बसली. आज नापास होऊन चालणार नव्हतं.

कारण तिला पातूर पाहिजे होतं. अकोल्याच्या ज्या संस्थेत ती काम करायची, त्या संस्थेला पातूर तालुक्यातल्या बायकांच्या उद्योगांसाठी एक सल्लागार नेमायचा होता आणि ते काम आज पास होणाऱ्याला मिळणार होतं. आजवर साधना साहेबांच्या मागं फिरली, माहितीपत्रकं वाटली, सतरंज्या अंथरल्या. आता स्वतःचा तालुका, स्वतःची माणसं! ती नुसती हरखून गेली होती. घरी आकांक्षाला उद्योजक करून समोर बसवायची आणि सराव करायची. पोरगी कधी पापडवाली व्हायची, कधी फुलवाली, आणि दोघी हसून लोळायच्या.

धर्मेंद्र सरांचे नियम सोपे होते. आधी विचारायचं. मग गप्प बसायचं. मग जे खरं दिसेल ते समोरच्याला नीट सांगायचं, पाकात घोळवायचं नाही. या शेवटच्या नियमावर भलेभले आपटत होते. वऱ्हाडी माणूस तसा फटकळ. पण एकदा का कोणाच्या हातचं खाल्लं, की त्याच्या तोंडून 'मस्त'शिवाय दुसरा शब्द निघेल तर शपथ. पंजाबराव सकाळी यातच गेले. मऊ पडलेला चिवडा बकाणा भरून खाल्ला, "झकास!" म्हणाले आणि नापास झाले.

साधनानं पदर मागं सारला.

"विहीणबाई, धंदा कसा चालू हाये?"

विचारून ती गप्प बसली. हे गप्प बसणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. मनकर्णाबाईंनी पिशवीचे बंद ओढले, सोडले, पुन्हा ओढले.

"पहिली बरणी जाते," त्या अखेर म्हणाल्या. "हातोहात जाते. पण दुसऱ्यांदा कोणी येतच नाई. दुकानदार म्हणे, लेबल बदला. बदललं. पोरगा म्हणे, काचेची बरणी पायजे. आणली. तरी तेच!"

"गिऱ्हाईक काय म्हणते?"

"मस्त म्हणते. सगळेच मस्त म्हणतात."

धर्मेंद्र सरांनी बरणी उघडली आणि चमचा साधनाच्या हातात दिला. लिंबाचं लोणचं. रंग सुरेख, मसाल्याचा वासही छान. तिनं एक फोड तोंडात टाकली आणि पुढं काय येणार ते जिभेला आधीच ठाऊक होतं. साखरपुड्याच्या पंगतीत हेच लोणचं वाढलं होतं. त्या दिवशी सगळंच मस्त होतं. मांडव मस्त, बुंदी मस्त, साधनानं विहिणीला नेसवलेली साडी मस्त, आणि हे लोणचं तर भलतंच मस्त. तेव्हा तिनं फोड पाण्याच्या घोटाबरोबर गिळली होती.

"कसं हाये?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

'म' ओठांवर आलाच होता. साधनाला एकदम आकांक्षा दिसली, साखरपुड्याच्या हिरव्या साडीतली. एका शब्दानं पोरीच्या संसारात माती कालवली जाईल की काय? तिनं चमचा खाली ठेवला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "लोणचं कडू हाये."

मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला.

"बिया राहून जातात फोडीत. त्याचा कडवटपणा उतरते. एकदा खाल्लं का माणूस दुसऱ्यांदा घेत नाई. लेबलाचा काई दोष नाई, बरणीचा बी नाई."

"तुमीच त म्हटलं होतं!" मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "भर पंगतीत! विहीणबाई, हे त बाजारात विका म्हणून. तुमी म्हटलं म्हणून त म्या धंदा टाकला!"

साधनाचे कान तापले. पण आता मागं फिरायला वाट नव्हती.

"तवा मी पोरीची माय होती."

"अन् आज?"

"आज तुमी माझ्यापाशी सल्ला घ्याले आल्या."

मनकर्णाबाईंनी बरणीला झाकण लावलं, घट्ट पिळलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

आणि साधना पास झाली! धर्मेंद्र सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, "पातूर तुमचं," म्हणाले. टाळ्या वाजल्या, पंजाबरावांनी तर शिट्टी मारली. आनंदानं तिचे पाय जमिनीवर ठरेनात. पण त्या न प्यालेल्या चहावर साय धरली होती, आणि आकांक्षाला फोन लावायला काही तिचा हात धजेना.

बडनेरा स्टेशनावर ती उतरत्या उन्हात पोचली, तर अकोल्याकडच्या गाडीच्या फलाटावर बाकावर मनकर्णाबाई बसलेल्या. मूर्तिजापूरही त्याच रस्त्यावर, भेट चुकणार कशी? साधनाचा हात आपसूक पदराकडं गेला.

"राहू द्या तो पदर," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पिशवी बाजूला सरकवली. "बसा."

साधना बाकाच्या कडेला बसली. दोघींच्या मध्ये पिशवी. पिशवीतली एक बरणी उघडी होती.

"म्या आता खाऊन पाह्यलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले पित्त होते न जी, मी लोणचं खातच नाई. घरात कोणी कधी बोललं नाई. मोठ्या सुनेनं बी नाई."

"मग?"

"कडू जहर हाये वो!"

आणि त्या हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग मोकळ्या. साधनालाही हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं. हमाल वळून बघायला लागला.

"काही हरकत नाई," मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बिया काढून नवा घाणा घालते. चाखाले तुमीच यायचं. अन् आता मी बी एक सांगू?"

"सांगा नं."

"साखरपुड्यात तुमी मले साडी नेसवली. रंग बिलकूल आवडला नाई. पेटीच्या तळाशी ठेवून देली."

"तुमी त मस्त म्हटलं होतं!"

"मी पोराची माय. भर मांडवात अजून काय म्हणू?"

गाडीची घोषणा झाली. फलाटावर माणसं उठली, गाठोडी उचलली गेली. लग्नातली मानाची साडी अजून घ्यायची होती. साधनानं पिशवीतल्या उघड्या बरणीला झाकण लावलं आणि विहिणीकडं वळून बसली.

"मग कोणता रंग आवडते तुमाले?" तिनं विचारलं, आणि गप्प बसली.