खपली म्हणजे खपली

शिवतेजचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी आधी आकडा वाचला, मग नाव, मग पुन्हा आकडा. वाटलं, दुसऱ्याच कुणाचा असेल. एकशे ब्याऐंशी. सात महिन्यांपूर्वी दोनशेच्या वर होता. यायला हवा होता वीसच्या आत.

"कुठून तरी गहू जातोय पोटात," डॉक्टर म्हणाले.

"नाही हो सर. घरात गहू येतच नाही."

"येतोय. थोडा का होईना, पण रोज येतोय. शोधा. सप्टेंबरमध्ये परत रक्त तपासू. आकडा असाच राहिला तर पुन्हा दुर्बीण घालावी लागेल. मग दुसरं काही आहे का, तेही बघावं लागेल."

दुसरं काही म्हणजे काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. मागच्या वेळी दुर्बिणीसाठी त्याला भूल दिली होती. शुद्धीवर आल्यावर सहा वर्षांचं पोर सारखं गाल चाचपत होतं आणि विचारत होतं, "मम्मी, माझ्या तोंडात कोण गेलं होतं?"

शिवतेजला सीलिॲक आहे. गव्हात, बार्लीत जे ग्लुटेन असतं ते त्याच्या आतड्याला चालत नाही. चिमूटभर पीठ गेलं तरी आतडं आतून सोलवटत राहतं आणि रक्तातला तो आकडा चढाच राहतो. गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू खायचा नाही, एवढंच औषध. ऐकायला किती सोपं. आणि मला जास्त गोंधळात टाकत होतं ते हे, की वरून तो बरा दिसत होता. वजन दीड किलोनं वाढलेलं, पोटात दुखणं कमी झालेलं. मग हा आकडा कुणाचा?

घरी आल्यावर मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिले आणि एकेक डबा बघत गेले. साताऱ्याला आमचं तीन माणसांचं घर. मी, शिवतेज आणि बनुबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. नवरा, यशराज, फौजेत, पठाणकोटला. निदान झालं त्याच आठवड्यात मी पोळपाट, लाटणं, तवा, चाळण, सगळं बदललं होतं. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली जाते म्हणून घरघंटी घेतली. आत्यांनी स्वतःहून चपाती सोडली. "मला काय, निम्मा जन्म भाकरीवरच गेलाय," म्हणाल्या, "पोराच्या म्होरं बसून चपाती कशी खावी?"

घरातलं सोपं होतं. अवघड होतं ते पाकिटातलं. शाळेचा डबा, प्रवास, वाढदिवस, सहा वर्षांचं पोर किती वेळा भाकरी नेणार? मी दुकानात एकेक पाकीट उलटं करून वाचायची. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण आत बार्लीचा माल्ट. हिंगाच्या डबीत मैदा. हे वाचल्यावर तर मी ती डबी तीन वेळा वाचली. उपवासाचा चिवडा साबुदाण्याचा, पण तळलेला फरसाणाच्या तेलात. एका पाकिटावर पुढे ठळक अक्षरात ‘ग्लुटेन फ्री’ आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात ‘गव्हाचे पदार्थ तयार होणाऱ्या ठिकाणी बनवलेले’. पुढच्यावर विश्वास ठेवायचा की मागच्यावर?

आमच्या चौकातला दुकानदार दादासो एकदा म्हणालाच, "वहिनी, बिस्किट घेताय का पेपर वाचताय?"

त्यानंच मग ते हिरवं पाकीट समोर ठेवलं होतं. कुपवाडचं, एका गृहउद्योगाचं. ‘नाचणी बिस्किट. गहू नाही, मैदा नाही, साखर नाही.’ मागे घटक: नाचणी, खपली, गूळ, तूप, वेलची. बास. पाच शब्द, पाचही ओळखीचे. नंबर नाहीत, रसायनं नाहीत. मला दुकानातच रडू येईल असं वाटलं. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलंही, "नाचणीची बिस्किटं चालतील ना?" ते म्हणाले, "नाचणी चालते." फ्रिजवर मी चालणाऱ्या पदार्थांची यादी लावली होती, तीत हिरव्या पेनानं पहिलं नाव त्यांचं. रोज डब्यात चार.

त्यामुळे रिपोर्टनंतर मी जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, बिस्किटं सोडून. टूथपेस्ट बदलली. शाळेत जाऊन बाईंना विचारलं, हा कुणाच्या डब्यातलं खातो का. नाही म्हणाल्या, पण त्यांना तरी चाळीस पोरांचं काय दिसणार? देवळातला शिरा बंद, शेजारच्या घरचा प्रसाद बंद. शिवतेज खेळायला निघाला की मी त्याचे हात बघायची, आला की तोंड बघायची.

शेवटी एका दुपारी मी आत्यांना विचारलं. विचारायला नको होतं.

"आत्या, मी नसताना तुम्ही त्याला काही देता का हो?"

त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला नाही. "व्हय, इख देती."

"तसं नाही हो..."

"मग कसं? सात म्हैनं मी बिस्कुट-पाव तोंडाला लावला न्हाई. चहात बुडवायला काय न्हाई म्हनून नुस्ता चहा पिती. आन् तू मला इचारती?"

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते शिवतेजला सांगायच्या. "तुझ्या आईला म्हनावं, कुकर झालाय." पोरगं आमच्या मध्ये उभं राहून इमानदारीत निरोप द्यायचं, "मम्मी, कुकर झालाय."

यशराजला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ती बिस्किटं कुठं भाजतात?"

"त्यात गहू नाही. लिहिलंय."

"बिस्किटात नसंल. पण भट्टी कुणाची हाय? ट्रे कुठले? त्याच ट्रेमध्ये दुसऱ्याची नानकटाई भाजत असतील तर?"

हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी लगेच पाकिटावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज. मी भट्टीचं विचारल्यावर त्यांना राग आला नाही, उलट खूश झाल्या. "फोनवर काय सांगू? या की, बघून जावा. आमच्यात झाकून ठेवायसारखं काय न्हाई."

शिवतेजला आत्यांकडे ठेवून मी सकाळच्या एसटीनं सांगली गाठली. निघताना आत्या पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलल्या. "पाणी घे संगं." स्टँडवरून रिक्षानं कुपवाड. एमआयडीसीत एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमागे पत्र्याची शेड होती. दारात तुळस, आणि चपलांची ओळ.

गुणमालाताई साठीच्या असतील. डोक्याला रुमाल, नाकाला मास्क. आधी मला पाय धुवायला लावले, मग आत घेतलं. भट्टी त्यांची स्वतःची. ट्रे त्यांचे स्वतःचे. दुसऱ्या कुणाचा माल तिथे भाजतच नाहीत. कांदा-लसूण, बटाटा शेडच्या आत येत नाही. पिठं दोन वेळा चाळतात, अंधार पडायच्या आत काम बंद.

"आमी जैन, ताई," त्या म्हणाल्या, "कशात काय हाय हे इचारल्याशिवाय आमच्या घरात घास मोडत न्हाईत. तुमचं कळतंय की मला. तुमचंबी तसंच."

मी मान हलवली. ट्रेच्या कोपऱ्यातून बोट फिरवून बघितलं. लख्ख. मला हायसं वाटायला हवं होतं. पण इथेही नाही, तर मग कुठे? सप्टेंबरला दोन महिने उरले होते आणि माझ्याकडे संशय घ्यायला आता काहीच शिल्लक नव्हतं.

"जेवून जावा," त्या म्हणाल्या. मी नको नको म्हणत निघाले, चप्पल घालायला दाराशी आले, तर बाहेर टेम्पोतून पोती उतरत होती. पांढरी पोती, निळी अक्षरं. मला आता कुठलीही अक्षरं दिसली की वाचायची सवयच लागली आहे.

‘खपली गहू. ५० किलो.’

मी पुन्हा वाचलं.

"ताई, हे काय?"

"खपली. बिस्किटात घालतो ती."

"ह्याच्यावर गहू लिहिलंय."

गुणमालाताई हसल्या. "ते व्यापारी लिवत्यात. खपली म्हंजे खपली. तिला गहू कोन म्हनतंय? गहू येगळा." त्यांनी एका पोत्याची शिवण उसवून मूठभर दाणे माझ्या हातावर ओतले. लांबट, तांबूस. लग्नकार्यात खीर होते ती हीच. रहिमतपूरला माझ्या माहेरी आई म्हणायची, खपली भिजत घातलीय. वाण्याकडे मी स्वतः म्हणायची, दोन किलो गहू आणि एक किलो खपली द्या. आणि एक किलो खपली. माझ्याही तोंडी तिला कधी गहू शब्द लागला नव्हता.

"आमच्या मालकांना साखर निघाली," त्या सांगत होत्या, "तवा डॉक्टरनं सांगितलं, गहू बंद, खपली खावा. तवापासनं आमच्यात गहू न्हाई. त्यावरनंच तर हे बिस्किट सुरू केलं. म्हनून तसं छापलंय."

मी पोत्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. खाली लिहिलं, ‘सर, हे चालतं का?’ आणि आम्ही दोघी दाराशी खुर्च्या टाकून उत्तराची वाट बघत बसलो. मधे एकदा त्या म्हणाल्या, "चालतंयच की. साखरंला चालतंय, तर पोराला का न्हाई?" मीही म्हणाले, "हो, चालत असेल." मला खरंच तसं वाटत होतं. तसं वाटत नव्हतं. हातातले दाणे घामानं ओले झाले होते.

उत्तर आलं: ‘हा गहूच. आजच बंद करा. रोज देत होतात?’

रोज. सहा-सात महिने, रोज चार. आत्या देत नव्हत्या, शेजारी देत नव्हते, शाळेतली पोरं देत नव्हती. मी देत होते, टिफिनच्या छोट्या कप्प्यात, ती मोडू नयेत म्हणून खाली कागद घालून.

मी फोन गुणमालाताईंच्या पुढे धरला. त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचलं. एकदम ओरडावं असं मला वाटत होतं, पण कुणावर? त्यांनी लपवलं नव्हतं. पाकिटावर छापलं होतं. मी वाचलं होतं. वाचून हिरव्या पेनानं लिहिलं होतं.

"पोरगं कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"दिसायला बरा आहे. आतून कसा आहे ते..."

त्या उठून आत गेल्या. भट्टीतला ट्रे बाहेर ओढल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोबाईल होता.

"ताई, तुमच्यासारखी आनी दोघं नेत्यात. लेकरांसाठीच. एक मिरजंची बाई, एक जतकडचा धुळा. त्याची पोरगी हाय चार वर्साची. महिन्याला वीस पाकिटं नेतोय. मी काय सांगू त्यांला? मला ते तुमचं ग्लु... न्हाई यायचं बोलायला. तुमी बोला."

त्यांनी धुळाचा नंबर लावूनच दिला. मी फोन कानाला लावला. पलीकडे शेळ्या ओरडत होत्या.

"हां, बोला काकू."

"मी काकू नाही. मी क्रांती, साताऱ्यातून. माझ्या मुलालाही तुमच्या मुलीसारखंच आहे. ती कुपवाडची बिस्किटं तिला देऊ नका. त्यात खपली आहे."

"खपली हाय, व्हय. ठावं हाय की मला."

"खपली गहू असतो."

तो म्हणाला, "म्याडम, कोन म्हनलं?"

"डॉक्टर. आत्ताच."

"आमच्या पोरीचं पोट अजून फुगतंय बगा," तो हळू म्हणाला. "आमी म्हनलं, पाणी खराब असंल. बोअरचं पाणी बंद केलं. टँकर लावला." मग एकदम घाईनं, "थांबा, थांबा. मग बक्षी? बक्षी चालतीय का?"

हा शब्द मी कधीच ऐकला नव्हता. माझ्या यादीत नव्हता. इंटरनेटवर नव्हता, निदान माझ्या इंटरनेटवर तरी नाही.

"बक्षी म्हणजे काय?" मी विचारलं.

"बक्षी म्हंजे... बक्षी. आमच्यात शेवया करत्यात तिच्या. पांढऱ्या शेवया. पोरगी दुधातनं खाती."

"पण ते पीक कसं दिसतं? लोंबी कसली असते? ज्वारीसारखं असतं, की..."

तो विचार करत होता. गुणमालाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, त्यांनाही हा शब्द ओळखीचा वाटला असावा, कारण त्यांनी हळूच कपाळाला हात लावला.

"लोंबी व्हय?" धुळा म्हणाला. "लोंबी तर... गव्हासारखीच असती की ओ."