तारीखवार लावलेली कादंबरी

बाबांनी माझी पार वाट लावली. प्रेमानं लावली, हेच तर दुखणं आहे.

उद्या नागपुरात एम.ए. मराठीचा पेपर, माझा शेवटचा चान्स. एकाच कादंबरीवर मोठा निबंध लिहायचा. कादंबरीत एक सुईण, तिचं गाव अन् तिला वाळीत टाकणारी माणसं. वर्षभर रोज शाळेत शिकवून आल्यावर मी चिठ्ठ्यांवर टिपणं काढली. काल पुरानी बस्तीतल्या आमच्या घरात दिवाणावर त्यांचे ढीग घातले. सुईणीच्या एकटेपणाचा एक, गावाच्या भीतीचा एक, नदीचा एक. कोणतं टिपण कुठं येणार, हे त्या ढिगांतच होतं. चिठ्ठ्यांवर मथळे नाहीत, नुसती तारीख. तारीख टाकायची सवय बाबांचीच. वा रे माझी अक्कल!

सकाळी सुट्टीचा अर्ज द्यायला शाळेत गेली, घरी बाबा एकटे. भोपाळपासून फुटून हे राज्य नवीन झालं तेव्हा तिथून ट्रकांनी फायली आल्या, त्या सचिवालयात कारकून असलेल्या बाबांच्या हातून लागल्या. आता जेवलो की नाही हे त्यांना आठवत नाही, पण फाईल लावता येते.

परत आली तर दिवाण साफ. टेबलावर जाडजूड फाईल. सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं, भोकं पाडून, हिरवी नाडी ओवून, लाल शाईत पान नंबर टाकून. नदीत भीती, भीतीत सुईण, सगळा काला. अन् गाडीची वेळ झालेली.

"काहून हात लावला जी बाबा तुम्ही? मेली ना मी आता!" मी किंचाळली.

बाबा खुर्चीवरून उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मॅडम, सब बिखरा पडा था. तारीखवार लगा दिया."

बाबा माझ्याशी कधीच हिंदी बोलत नाहीत. पोट्टी मराठी विसरेल म्हणून घरात हिंदी बोलली की रागवायचे. त्यांच्याच हट्टानं मी हे एम.ए. करून राहिली. हिंदी त्यांची ऑफिसातली, साहेबांपुढची.

"बाबा, मी अनुश्री."

"जी मॅडम." त्यांनी सहीसाठी पेन पुढं केला.

फाईल फाडून टाकावी वाटली. रडूही आलं. मग मी शेवटच्या चिठ्ठीखाली सही केली.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या.

"अब घर जाऊं, मॅडम? कल बेटी का पेपर है."