अकरावं घर

समितीत माणसं पाच आणि चहाचे कप आले सहा, एवढ्यावरूनच सरांचं डोकं उठलं. संगणक विभागाच्या बैठकीत कुणाला पाचापर्यंत मोजता येत नाही म्हणजे कमाल झाली, असं ते शेजारच्या गणिताच्या प्राध्यापकांना म्हणाले. गणितवाले हसले. सर हसले नाहीत. ते घरून भांडायची तयारी करून आले होते आणि भांडण कपापासून सुरू झालं तरी त्यांची हरकत नव्हती.

विषय एकच होता. कॉलेजात नव्याने येणाऱ्या पोरांना संगणकाची पहिली भाषा कुठली शिकवायची? पंचवीस वर्षं सी ही भाषा शिकवली जात होती. आता ती काढून पायथन आणायची, असा प्रस्ताव होता, आणि तो मांडणारी विभागप्रमुख सरांचीच जुनी विद्यार्थिनी होती. वर्गात असताना ती इतक्या शंका काढायची की तिचं नाव शंकासुर पडलं होतं. तीन वर्षांपूर्वी ती इथे प्रमुख होऊन आली, तरी सर मनातल्या मनात तिला शंकासुरच म्हणत.

सी गेली तर जाईना का. सरांचा जीव अडकला होता तो बाईंच्या वहीत. बाई म्हणजे सरांची बायको. सर वर्गात शिकवायचे आणि बाई लॅब सांभाळायच्या. पहिल्या वर्षासाठी चाळीस अभ्यासांची एक वही त्यांनी स्वतः तयार केली होती, सगळी सीमधली. त्यांची पद्धत अशी की कुणी आल्याआल्या यंत्राला हात लावायचा नाही. आधी कागदावर चौकोनी घरं आखायची, प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचायची आणि कुठल्या घरात काय जातं ते पेन्सिलने भरत जायचं. एखाद्या घरात काय आहे ते कळलं नाही, तर अंदाजाने भरायचं नाही. कागद घेऊन उठायचं आणि बाईंना जाऊन विचारायचं. चार वर्षांपूर्वी बाई गेल्या. वही मात्र दरवर्षी छापली जात होती आणि दरवर्षी साठ पोरांच्या दप्तरात जात होती. भाषा बदलली की वही रद्दीत, हे सरांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते त्यांना सहन होणार नव्हतं.

कंपनीतून आलेल्या गृहस्थांनी सुरुवात केली. नोकरीवर घेताना आता सी कुणी विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, आम्ही इथे तुमच्या कंपनीसाठी पोरं घडवून ठेवायचा ठेका घेतलेला नाही. गणितवाले सरांच्या बाजूने बोलले. प्राचार्यांनी नेहमीप्रमाणे अंग काढून घेतलं. सर या विषयातले जुने, ते म्हणतील ती पूर्व दिशा, असं सांगून ते चहा प्यायला लागले. म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे आणि पाचवं मतही सरांच्याच खिशात. सरांना जरा बरं वाटलं.

मग शंकासुराने कागद पुढे सरकवला. गेली चार वर्षं पहिल्या सहामाहीतच तिसरा हिस्सा पोरं विषय सोडून जात होती. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. सर म्हणाले की पोरांनाच आता कष्ट नकोत. सीचा मोठा गुण म्हणजे ती गप्प बसते. चूक केलीत तरी बोंब मारत नाही, म्हणून माणूस स्वतः डोळे उघडून बघायला शिकतो. ती तुमची पायथन जरा काही चुकलं की थांबते आणि ओळ दाखवून देते. असं हाताला धरून चालवलं तर पोरं चालायला शिकणार कधी?

"सर, यंत्र गप्प बसलं की पोरांना वाटतं, सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "नाहीतर वाटतं, आपलंच डोकं मठ्ठ. बघायला शिकवायला शेजारी कुणीतरी बसावं लागतं. बाई बसायच्या. आता कोण बसतं? आणि वहीतल्या सतराव्या अभ्यासातली चूकसुद्धा तुम्ही काढून टाकलीत."

सरांच्या हातातला कप तिथेच राहिला. सतराव्यातली चूक या जगात फक्त आपल्याला माहीत आहे, अशी त्यांची समजूत होती.

बाई गेल्यानंतर वही पुन्हा छापायची होती. टाईप करायला सर स्वतः बसले, दुसऱ्या कुणाचा हात त्यांना तिला लागू द्यायचा नव्हता. सतरावा अभ्यास साधाच होता: दहा घरांत दहा आकडे आहेत, त्यांची बेरीज करा. पण त्यातला फेरा, म्हणजे लूप, दहाच्या जागी अकरा वेळा फिरत होता. अकराव्या फेरीला तो जे घर आपलं नाहीच त्यात हात घालायचा. सी त्याला अडवत नाही. त्या जागी शून्य पडलेलं असलं तर उत्तरही बरोबर येतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना भडभडून आलं. शेवटच्या वर्षी औषधांनी बाईंना शब्द आठवत नसत, त्याच वर्षी त्यांनी ती वही नव्याने लिहून काढली होती. तेव्हाच हातून सुटलं असणार, असं सरांनी धरलं. जुन्या प्रती त्यांनी उघडूनही पाहिल्या नाहीत. बरोबरची एक खूण पुसली, फेरा दहावर थांबला, चूक गेली, आणि ही गोष्ट ते कुणाकडे बोलले नाहीत. बायकोची अब्रू राखली, असं त्यांना वाटलं होतं. तिच्यासाठी आपण केलेलं शेवटचं काम म्हणून ते त्यांनी मनाशी जपलं होतं.

"ती चूक तुला कशी माहीत?" त्यांनी विचारलं.

तिने आधी प्राचार्यांकडे पाहिलं, मग दहा मिनिटं थांबूया म्हणून सांगितलं आणि सरांना लॅबमध्ये घेऊन गेली. खिडकीजवळ बाईंचं टेबल होतं, त्यावर आता जुने कीबोर्ड रचून ठेवलेले. कपाटातून तिने सामानाची एक जाड नोंदवही काढली आणि मागून उघडली. पानंच्या पानं नावं होती, दोनशेच्या वर. सगळं अक्षर बाईंचं.

ती सांगत गेली. ही चूक पहिल्या वहीपासून होती. बाईंनी मुद्दाम ठेवलेली. यंत्रावर ती सहसा दिसायची नाही, हाताने घरं भरली तरच सापडायची. ज्याला सापडेल त्याने कागद घेऊन बाईंकडे जायचं, कानात सांगायचं, आणि बाई इथे नाव लिहायच्या. बाहेर चकार शब्द काढायचा नाही, सरांपाशी तर मुळीच नाही. ती स्वतः दोनदा नापास होऊन घरी परत जायच्या बेतात होती. त्या आठवड्यात तिला अकरावं घर सापडलं.

"मी परत आले तेव्हा बघितलं तर चूक नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, बाईंची जागा दुसऱ्या कुणी चालवलेली तुम्हाला नको असेल. म्हणून विचारलं नाही."

सर नावं वाचत होते. पहिलं नाव दोन नंबरला होतं. त्याच्या वर एक नंबर घालून पुढची ओळ कोरी ठेवलेली होती.

"हे कुणाचं?"

तिला सांगवत नव्हतं. सरांनी पुन्हा विचारलं तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "आम्हीपण विचारायचो. बाई म्हणायच्या, ती माझ्या घरातल्या माणसाची जागा आहे. कधीतरी वही सोडवायला बसतील, तेव्हा लिहीन."

एकवीस वर्षं. भिंतीपलीकडच्या वर्गात एकवीस वर्षं सर शिकवत होते, संध्याकाळी दोघं एकाच वाटेने घरी जात होते. वही चांगली आहे असं ते चारचौघांत अभिमानाने सांगायचे. पण तिच्यातला एकही अभ्यास पेन्सिल घेऊन त्यांनी कधी सोडवला नव्हता. पहिल्या वर्षाचं ते, त्यात आपण काय बघायचं? बाई कधी बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणून सगळं बरोबर चाललंय, असं सर समजून चालले. आता त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मला सापडली होती गं," ते म्हणाले. "मी पुसून टाकली."

 तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, मग दोघं बैठकीत गेले. सरांनी पायथनच्या बाजूने मत दिलं. प्राचार्यांनी लगेच मान डोलावली. गणितवाले बघत राहिले, हा माणूस दहा मिनिटांत कसा फिरला म्हणून. सरांनी एवढंच सांगितलं की शेजारी बसणारं माणूस उरलं नाही, तेव्हा निदान भाषा तरी बोलणारी असू द्या. वही बंद झाली, त्यावर त्यांचीच सही झाली.

नोंदवही मात्र त्यांनी मागून घेतली. दुपारी घरी आले, जेवले नाहीत. पुढच्या खोलीतलं टेबल पुसलं, बाईंच्या अभ्यासांची छापील वही काढली आणि सतराव्या अभ्यासात पुसलेली खूण पेन्सिलने परत घातली. कोऱ्या ओळीवर असंच नाव लिहायचं नाही, आधी नियमाप्रमाणे सोडवायचं, असं त्यांनी ठरवलं. पट्टी घेऊन घरं आखली. पहिली ओळ वाचली, घर भरलं. दुसरी वाचली, भरलं. डोळे उघडून बघा, असं आपल्याच विद्यार्थ्यांना ते जे रोज घाईघाईने सांगत आले होते ते करायला त्यांना पाऊण तास लागला. मधे दोनदा बेरीज चुकली, खोडून पुन्हा केली. दहा घरं झाली. फेरा थांबला नाही.

अकरावं घर त्यांनी आखलं. त्यात काय आहे ते प्रोग्रॅममध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. अंदाजाने भरायचं नव्हतं, बाईंना जाऊन विचारायचं होतं. सर कागद घेऊन उठले आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. दारात थोडा वेळ उभे राहिले, मग परत येऊन खुर्चीवर बसले.