मेणाआधीचा हात

"काकी, डोळे उघडा! पुढे शिडी आहे, आपटाल!" मुकादम शेडच्या दारातून ओरडला.

काकींनी डोळे उघडले नाहीत. "शिडी आहे ते ठाऊक आहे मला. तू तुझं बघ," असं म्हणत त्यांनी उजवा तळवा बोटीच्या अंगावरून तसाच पुढे सरकवला, शिडीपाशी आल्यावर अंग चोरून वळसा घातला आणि पलीकडे जाऊन पुन्हा हात टेकवला.

मुकादम हसत निघून गेला. बोटदुरुस्तीच्या त्या आवारात सगळ्यांनाच हे पाठ झालं होतं. काकी नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या आणि तो जेवायला बसला की डोळे मिटून बोटीभोवती एक फेरी मारायच्या. कुणी म्हणे, म्हातारपणी चाळे सुचतात. मुकादमाचं म्हणणं असं, की काकींनी गोंजारलेली बोट बुडायला लाजते. काकी कुणाच्याच नादी लागत नसत.

त्यांच्या नवऱ्याला आवारात आरसेबुवा म्हणत. फायबरच्या बोटींची गेलेली चकाकी परत आणायची आणि ती टिकवायची, हे त्यांचं काम. ऊन आणि खारं पाणी मिळून बोटीची वरची साय खाऊन टाकतात. ती निस्तेज होते, हाताचं बोट फिरवलं तर त्याला पांढरी भुकटी लागते. ती मेलेली साय मशीनने घासून काढायची, खालची तकतकीत वर आणायची, आणि तीही मरू नये म्हणून वरून मेणाचे दोन हात द्यायचे. ऐकायला सोपं आहे. कमी घासलंत तर भुकटी मेणाखाली दडून राहते, आणि जास्त घासलंत तर साय फाटून आतलं फायबर डोकावतं. बुवांनी घासलेल्या एका बोटीत बघून मुकादमाने एकदा चक्क भांग पाडला होता, तेव्हापासून त्यांना हे नाव पडलं. स्वतः बुवांची दाढी मात्र कायम वाढलेली. आरसे दुसऱ्यांसाठी.

पण बुवांच्या बोटांना आता काही कळत नसे. घरघरणारं मशीन आयुष्यभर दोन्ही हातांनी दाबून धरलं की ते हातातलं काहीतरी घेऊनच जातं. आधी थंडीच्या सकाळी बोटांची टोकं पांढरी पडायची, मग मुंग्या यायला लागल्या आणि पुढे त्या मुंग्याही गेल्या. शर्टाची बटणं काकी लावून द्यायच्या. मशीन धरता येत होतं, पण पांढऱ्या बोटीवर डोळा हमखास फसतो, सगळंच चकाकतं. राहिलेली खरखर फक्त हाताला कळते, आणि बुवांना नेमका तोच हात उरला नव्हता.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. काकींनाही नाही. काकींनीही विचारलं नाही. "घरात बसून जीव कंटाळतो," असं म्हणून एक दिवस त्या डबा घेऊन येऊ लागल्या, आणि फिरता फिरता जिथे खरखर लागेल तिथे कागदी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून जाऊ लागल्या. जेवून उठलं की बुवा त्या जागा पुन्हा घासत. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. संसारात भांडायला दुसरे विषय पुष्कळ होते.

आजची बोट एका दातांच्या डॉक्टरांची होती आणि ती उद्या सकाळी पाण्यात उतरायची होती. काकींची फेरी संपली. बुवांनी चोरून पाहिलं. बोटीवर एकही पट्टी नव्हती.

"आज लवकर आटोपलं?" त्यांनी साळसूदपणे विचारलं.

"मग काय करू? लोणी झालंय लोणी." काकींनी बोटीच्या नाकाडाखाली, पुढच्या टोकाच्या फुगवट्यावर दोनदा थोपटलं. "इथे तर हात ठरत नाही."

बुवांना इतका आनंद झाला की त्यांनी डब्यातला शेवटचा घास तसाच ठेवला. "म्हणजे अजून मी म्हातारा झालो नाही."

"म्हातारे झालातच. फक्त वाया गेला नाहीत." काकींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तांब्या घेताना बुवांचं लक्ष त्यांच्या तळव्याकडे गेलं. बोटांच्या मुळाशी आडवा, टम्म फुगलेला फोड आला होता. "हे काय?"

"कुठे काय?" काकींनी चष्मा वर करून तळवा बघितला. "अगंबाई! सकाळी पातेलं उतरवलं ना, तेव्हा झालं असेल."

"फडकं घ्यायचं नाही का?"

"राहिलं असेल घ्यायचं. जेवा तुम्ही."

बुवा जेवले. बायकोच्या हाताला फोड आलाय आणि तो तिला दुसऱ्याने दाखवावा लागतोय, यात काही विचित्र आहे, असं त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आलं नाही. पट्टीशिवायची बोट त्यांच्या डोक्यात इतकी भरली होती की दुसऱ्या कशाला जागाच नव्हती.

दुपारी त्यांनी मेणाचा पहिला हात दिला. बोट उद्या जायची म्हणून काकीही थांबल्या होत्या, शेडमागच्या नळावर फडकी धूत होत्या. मेण वाळून धुरकट झालं तसं बुवांनी मऊ फडक्याने पुसायला घेतलं. कडेचा सगळा भाग झरझर उघडा पडला. नाकाडाच्या फुगवट्याशी मात्र फडकं अडखळायला लागलं. त्यांनी दाबून पुसलं, पण तो धुरकटपणा हटेना. मेणच जुनं असेल, असं म्हणत त्यांनी फडकं बदललं आणि मान तिरपी करून पाहिलं. उतरतं ऊन शेडमध्ये आडवं शिरलं होतं. त्या उजेडात परातीएवढा डाग स्वच्छ दिसला, त्याच्या पुढे आणखी एक, आणि खाली पाण्याच्या रेषेपर्यंत एक लांबलचक पट्टा.

इथेच काकींनी थोपटलं होतं. इथेच हात ठरत नाही म्हणाल्या होत्या.

बुवा पालथ्या बादलीवर मटकन बसले. त्यांना तो फोड आठवला. बोटीची त्यांना काही पडली नव्हती, बोट काय, पुन्हा घासता येते. पण त्या हाताने थर्मामीटरच्या आधी मुलीचा ताप ओळखला होता. भरतकाम करताना सुई टोचली तर हा हात दिवसभर कुरकुरायचा. आणि आता त्या हाताला पातेलंही कळलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, तिला अजून ते ठाऊकच नव्हतं. रोज डोळे मिटून ती ज्या ऐटीत चालायची, ती ऐट तिच्याकडून काढून घेणारा आपण होऊ नये, एवढंच त्यांना सुचलं. ती यायच्या आत घासून टाकावं म्हणून ते मशीनकडे वळले.

तेवढ्यात मुकादम डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर सवयीप्रमाणे वाकले, मान फुगवट्याखाली घातली आणि म्हणाले, "इथे कीड दिसतेय, आरसेबुवा."

मुकादमाने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. डॉक्टर पलीकडच्या बाजूला गेल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "बुवा, हे कसं राहिलं? काकींनी हात फिरवला ना मेणाआधी?"

बुवा चपापले. "तिच्या हाताचा काय संबंध?"

"त्या पट्ट्या कशाच्या असतात ते न कळायला मी आंधळा आहे का? काम चोख होत होतं, म्हणून गप्प होतो. आज काकींना नाही का कळलं?"

शेडच्या मागच्या दारात काकी ओल्या फडक्यांची बादली घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. बुवांनी त्यांना पाहिलं आणि मुद्दाम आवाज चढवला.

"तिला कळतं सगळं! तिने लावल्या होत्या पट्ट्या. मी काढून टाकल्या. कंटाळा आला, म्हटलं कोण बघतंय."

"कंटाळा?" मुकादमाला ते खरंच लागलं. "तुम्ही कंटाळा केलात? हात गेले म्हणाला असतात तर मी तुम्हाला सांभाळून घेतलं असतं, बुवा. पण कंटाळा?" त्याने पुन्हा एकदा त्या डागाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज एवढं नीट करून द्या. उद्यापासून मशीन मी दुसऱ्याकडे देतो. तुम्ही बोटी धुवायचं बघा."

"बरं," बुवा म्हणाले.

तो डॉक्टरांना समजावत बाहेर घेऊन गेला. काकींनी बादली खाली ठेवली, हात कोरडे केले आणि सरळ फुगवट्यापाशी जाऊन तळवा टेकवला. डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग डावा तळवा लावून बघितला. बुवांना वाटलं, जाऊन त्यांना तिथून ओढून बाजूला करावं, पण ते जागीच थांबले. काकींनी चष्मा काढून शेडच्या खांबावरच्या खिळ्याला अडकवला, पुढे झुकल्या आणि बोटीला गाल टेकवला.

"गालाला लागतंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "केवढी खरखर आहे."

बुवांनी खाली पडलेलं फडकं उचललं.

"मी पट्ट्या कधी लावल्या होत्या?"

"लावल्या होत्यास. तुझ्या लक्षात नाही."

"माझ्या हाताचं मला सांगणार नव्हतात होय तुम्ही?"

"माझ्या बोटांचं तू मला कधी सांगितलंस?"

काकींना हसू आलं, ते अर्ध्यावरच मोडलं आणि त्यांना रडू कोसळलं. गाल तसाच बोटीला टेकलेला होता. "मुंग्या यायच्या हो. वाटलं, भांडी घासून येतात. गेल्या त्या, तेव्हा म्हटलं, बरं झालं, थांबलं एकदाचं."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"हे दातांचे?"

"हे नाही गं. हाताचे." बुवांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"आणि मुकादमाला तसं का सांगितलंत? कामचोर म्हणून नाव झालं ना तुमचं."

"त्याचं काय एवढं," बुवा म्हणाले. पण त्यांनाही ते फार लागलं होतं आणि काकींना ते न सांगता कळलं.

मग त्यांनी मशीन सुरू केलं. डागांवरचं मेण उडालं, भुकटी उडाली. थोडं घासलं की बुवा थांबत, काकी गाल टेकवून बघत आणि "अजून" म्हणत. खालच्या पट्ट्यासाठी त्या जमिनीवर बसल्या, मान वाकडी करून गाल लावला. त्यांचा अर्धा चेहरा पांढराफटक झाला. आवार सुटायची वेळ झाली होती. मुकादम एकदा दारात येऊन उभा राहिला. काकी बोटीला गाल लावून बसलेल्या आणि बुवा मशीन धरून त्यांच्या "झालं"ची वाट बघत थांबलेले, हे त्याने पाहिलं. यावेळी तो काही ओरडला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि निघून गेला.

मेणाचे दोन्ही हात देऊन झाले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. काकींनी तोंड धुतलं, बुवांनी मशीनची वायर गुंडाळून ते कपाटात नेहमीपेक्षा आत सरकवून ठेवलं, आणि दोघे बाहेर पडले.

मोठा रस्ता ओलांडताना बुवांनी काकींचा हात धरला. आपण धरलाय की नुसतं वाटतंय, ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी खाली पाहिलं. काकीही खालीच पाहत होत्या.

हात धरलेला होता.