बोटभर जोड

थोरले दीर अणुकचरा पिंपांत बंद करणाऱ्या एका कारखान्यात वेल्डर होते तोवर तिला तिथे पाऊल टाकायची सोय नव्हती. ती नियामक कार्यालयात निरीक्षक होती. अणुकचऱ्याची पिंपं जमिनीखाली जाण्याआधी नीट बंद झालीत की नाही, हे पाहणं तिचं काम. घरच्याचं काम घरच्याने पास करायचं नाही, असा नियमच होता. भाऊजी जेवताना त्यावरून तिला चिडवायचे, की एका घरात जेवणारी माणसं सरकारला भलतीच धोकादायक वाटतात.

पिंपांची झाकणं जोडायची खोली जाड काचेमागे होती. आत जिवंत माणूस उभाच राहू शकत नव्हता. भाऊजी बाहेर उभे राहून लांब यांत्रिक दांड्यांनी जोड द्यायचे. मग तिथे आपोआप चालणारं यंत्र आलं आणि ते काम त्याला शिकवायचं भाऊजींकडेच आलं. घरी येऊन ते सांगत, हात चांगला आहे त्याचा, पण शेवटाला आलं की बिचकतंय. शिकवणं अर्धवट असतानाच ते एका दुपारी झोपेत गेले. त्यानंतर वर्षभराने कार्यालयाने तिला तो कारखाना दिला.

पहिल्याच तपासणीत ती पडद्यासमोर अडखळली. झाकणाभोवतीचा जोड जिथे संपत होता, तिथे डावीकडे वळलेली एक बारीक शेपटी होती, स्वल्पविरामासारखी. दुसऱ्या पिंपावर तीच. तिसऱ्यावरही. घराचं फाटक, खिडक्यांचे गज, मुलाचा पाळणा, भाऊजींनी जोडलेल्या प्रत्येक वस्तूवर ती होती. अक्षर ओळखावं तशी तिने ती ओळखली.

यंत्र चालवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांना विचारलं तर ते चष्मा पुसत बसले. ती स्वतःची समजूत घालत होती, की बाकी सगळ्याबरोबर यंत्राने भाऊजींची खोडही उचलली असेल. मग तिने आपल्यासमोर एक झाकण जोडून दाखवायला सांगितलं.

यंत्राचा हात झाकणाभोवती फिरू लागला. निळसर उजेड त्याच्या टोकाशी थरथरत होता. फेरा पुरा व्हायला बोटभर अंतर राहिलं आणि हात थांबला. नुसता थांबला नाही, मागे सरून आपल्या खाचेत जाऊन बसला. उजेड मात्र तिथेच राहिला. कशालाही न जोडलेला तो ठिपका झाकणाच्या कडेने सावकाश पुढे गेला, डावीकडे वळला आणि विझला. क्षणभराने आतले आवाज बाहेर ऐकवणाऱ्या ध्वनिक्षेपकातून पत्र्यावर हलकेच टिचकी मारल्याचा आवाज आला. काम झालं की भाऊजी जोडावर तशीच टिचकी मारायचे.

मास्तरांनी मान खाली घातली होती. ते हळूच म्हणाले, "तुमचे दीर गेल्यापासून असंच चाललंय. पण बाई, चाचणीत एकही जोड नापास झालेला नाही. एवढं चोख काम इथे कधी झालं नव्हतं."

गुणवत्ता अधिकाऱ्याचंही तेच म्हणणं होतं. दोष दाखवा, लगेच काम थांबवतो, असं तो म्हणाला. तिला दोष दाखवता येईना. पिंपांना हजारो वर्षं तग धरायची होती आणि हे जोड नक्कीच धरतील असं तिलाही वाटत होतं.

"उद्या ते आले नाहीत तर?" तिने विचारलं.

तिने काम थांबवलं, तयार पिंपं वेगळ्या दालनात हलवायला लावली आणि यंत्र स्वतःच्या बळावर फेरा पुरा करेपर्यंत एकही झाकण बसणार नाही, असं बजावलं. कार्यालयात साहेबांनी तिला दोनदा विचारलं, की बोटभर जोड कोणी दिला. तिने दोन्ही वेळा सांगितलं, की देणाऱ्याला आपण जाब विचारू शकत नाही. साहेबांनी पुढे खोदून विचारलं नाही.

घरी तिच्या थोरल्या जाऊबाई, वहिनी, कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सांगावं की नाही, अशा घालमेलीत तिने शेवटी सगळं सांगून टाकलं. वहिनी घाबरतील, रडतील असं तिला वाटलं होतं. वहिनींनी हातातल्या टॉवेलची घडी नीट घातली.

"तिथे आहेत होय," त्या म्हणाल्या. "वर्ष झालं, घरात त्यांची चाहूल म्हणून नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं." मग त्यांनी विचारलं, "तिथलं काम सुटलं तर घरी येतील का गं?"

तिने पुढचा टॉवेल उचलून घडी घालायला घेतला.

यंत्र दुरुस्त व्हायला पावणेदोन महिने लागले. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा ती काचेसमोर उभी होती. हात फिरला, शेवटाशी किंचित रेंगाळला आणि फेरा पुरा करून सुरुवातीच्या जोडावर चढून थांबला. शेपटी नव्हती. सगळे आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला नाही. त्या आठवड्यात काही जोड नापास झाले, ती झाकणं कापून पुन्हा जोडावी लागली. मास्तर कुरकुरले. तिला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी फार पोरकंही.

पुढच्या तपासणीच्या दिवशी ती लवकर घरी आली. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. घरात सामसूम होती. वहिनींच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून गाढ झोपल्या होत्या. इतकं शांत झोपलेलं तिने त्यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्यांच्या पाठीमागची रिकामी गादी खोल दबलेली होती, एखादा भारी अंगाचा माणूस आडवा झाल्यासारखी. ती बघत असतानाच उशीही थोडी खाली गेली.

तिने आवाज न करता दार ओढून घेतलं.