विनोदच्या नंबरावरचं खातं

"मॅडम, याची दुसरी कॉपी ठेवली असनच ना तुमी?"

रवींद्रने हे इतक्या सहज आवाजात विचारलं की नलिनी मॅडमना काही शंकाच आली नाही. सौंसरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या या मराठीच्या बाई पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या दुकानात निवांत बसल्या होत्या.

"कशाची कॉपी?"

"जे काय असन लॅपटॉपमदी."

"भुलाबाईची गाणी आहेत रे. रामाकोन्याच्या जयवंता आजी अन् तिच्या सोबतिणींची. दर भादव्यात जाऊन आवाज भरून आणत होते. आता त्यातली जयवंता एकटीच उरली, अन् तिलाही गाणं आठवत नाही. कोजागिरीला पोरींना ऐकवीन म्हणते. कॉपी कशाला? लॅपटॉप आहे ना."

रवींद्रने लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवला. निळ्या पडद्यावर मशीन किल्ली मागत होतं, एक लांबलचक आकडा. तो दिल्याशिवाय आतलं काहीच दिसणार नव्हतं.

"उद्या या मॅडम. थोडं काम निघालं."

"स्लोच तर चालत होता."

"हो ना. उद्या या."

मॅडम गेल्या आणि रवींद्र खुर्चीत बसला. त्याची एक सवय होती. कोणतंही मशीन येऊ दे, कीबोर्डमध्ये अडकलेला पोह्याचा दाणा काढायला का येईना, तो आधी सेटिंगमध्ये शिरायचा आणि त्याला जे फालतू वाटेल ते बंद करायचा, जुनं साठलेलं साफ करायचा. मशीनने "खरंच करू का?" विचारलं की "हो". जुन्या मशीनना हे मानवायचं, ती पळायला लागायची आणि रवींद्रचा हात चांगला म्हणून गावभर बोलबाला व्हायचा. आज त्या हाताने सिक्युरिटी चिप साफ केली होती. चिप जागेवरच होती, पण रिकामी. डिस्कची किल्ली तिच्याच पोटात होती.

हे असं होईल हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. विनोदने सांगितलं होतं.

विनोद त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि दुकानातला भागीदार. "भाऊजी, नव्या मशीनमदी चिपले हात नका लावू," तो म्हणाला होता. "मशीन चालू झाल्याबरोबर, विंडोज यायच्या आंधी, पयले चिप आहे का ते पाहाते. तिच्याकडून किल्ली भेटली तरच पुढं जाते." समोर चार गिऱ्हाइकं बसली होती. रवींद्र म्हणाला, "मी दुकान टाकलं तवा तू चड्डीत फिरत होता. मले शिकवून राहिला?" गिऱ्हाइकं हसली. विनोदही हसला. संध्याकाळी त्याने आपले स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत भरले आणि पुढच्याच महिन्यात पांढुर्ण्याला स्वतःचं दुकान टाकलं.

तेव्हापासून रवींद्र पांढुर्ण्याला गेला नव्हता. पांढुर्णा जिल्हा झाला, सगळं सौंसर कामांसाठी तिकडे जायला लागलं, हा आपले कागद दुसऱ्यांच्या हाती पाठवायचा. विनोदही सौंसरला येईना. भाऊबीजेला रवींद्रची बायको अमृताच मोहगावला माहेरी जाऊन विनोदला ओवाळून यायची. आल्यावर ती काही सांगायची नाही, हा काही विचारायचा नाही.

आता अडचण अशी, की त्या किल्लीची दुसरी प्रत इंटरनेटवरच्या खात्यात असते आणि ते खातं विनोदच्या हातात. नवा लॅपटॉप घेणाऱ्या निम्म्या लोकांचा ईमेल नसायचा. मग विनोद सगळी मशीनं, मॅडमचंसुद्धा, दुकानाच्या एकाच खात्यावर चालू करून द्यायचा आणि त्या खात्याला नंबर स्वतःचा दिलेला. खातं उघडायचं तर कोड त्याच नंबरावर येणार. ते खातं अजून आहे की त्याने रागाने पुसून टाकलं, कोणाला ठाऊक.

जेवताना त्याने अमृताला सांगितलं. सगळं सांगितलं, चिपसुद्धा.

"मंग फोन लावा ना," ती म्हणाली. मग भाजी वाढता वाढता थांबली. "नाई, फोन नका लावू. तो आकडे सांगून मोकळा होईन अन् तुमीबी मोकळे व्हाल. जाऊन या."

सकाळी तिने तिखट पुऱ्यांचा डबा दिला. कोणासाठी ते दोघांनाही माहीत होतं.

बसमध्ये त्याने वाक्य तयार केलं : एका गिऱ्हाइकाचं मशीन अडकलं. वाक्य चांगलं होतं, त्यात कोणाचाच दोष नव्हता. पण विनोद दुकानात एकटाच होता, मान वर करून "या भाऊजी" म्हणाला आणि काल भेटल्यासारखं स्टूल पुढे सरकवलं. त्या स्टुलावर बसल्यावर रवींद्रच्या तोंडून निघालं, "चिप साफ केली मी. नलिनी मॅडमच्या लॅपटॉपची."

विनोद हसला नाही. त्याने हसावं असं रवींद्रला उलट वाटून गेलं, म्हणजे फिट्टंफाट झाली असती.

"ते खातं आहे काय रे अजून?"

विनोदने टेबलाच्या ड्रॉवरमधून एक जुना, बटणांचा फोन काढला. "आहे. हा नंबर मी वापरत नाई आता. पण रिचार्ज मारून राहिलो."

"काऊन?"

"गिऱ्हाइकं तुमच्याकडंच येतीन ना, भाऊजी. अन् तुमी चिपले हात लावल्याशिवाय राहाणार नाई, हे काय मले माहीत नाई?"

रवींद्र लॅपटॉपच्या वायरची गाठ सोडवत बसला, जी काही फार घट्ट नव्हती.

मग त्यांनी पूर्वीसारखंच काम केलं. जुन्या फोनवर आलेला कोड टाकून विनोदने खातं उघडलं. त्याने किल्लीचा एकेक आकडा वाचायचा, रवींद्रने तो मोठ्याने म्हणत दाबायचा. शेवटचा आकडा दाबल्यावर पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मग मॅडमच्या नातवंडांचा फोटो उजळला. रवींद्रने पहिली जी फाइल दिसली ती लावली. आधी टाळ्या, मग थकलेले, एकमेकींच्या मागे-पुढे होणारे बायकांचे आवाज. दोघांनी ते गाणं पूर्ण ऐकलं आणि सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

"आता खात्यात तुमचा नंबर टाकून देतो," विनोद म्हणाला. "मंग इथवर यायचं काम नाई तुमाले."

"राहू दे. तुयाच नंबरवर राहू दे."

विनोदने जुना फोन परत ड्रॉवरमध्ये ठेवला. पुऱ्या त्याने तिथेच, उभ्या उभ्या संपवल्या होत्या. डबा नळावर धुऊन, रुमालाने पुसून त्याने रवींद्रच्या पुढे धरला.

रवींद्रने तो घेतला नाही. "तुया ताईले रिकामा डबा चालत नाई," तो म्हणाला. "भाऊबीजेले भरून घेऊन ये."