उत्तर तेच येतं

पूर्वी संगणकावरचं हे गणित जेवून येईपर्यंत हातात पडायचं. आज सकाळी लावलेलं दुपारच्या चहालाही संपायचं नाव घेत नव्हतं, आणि बंदराच्या कचेरीत व्हर्ना टर्ली पडद्यासमोरून हलली नव्हती.

वादळ क्वीन्सलँडच्या किनाऱ्याकडे सरकत होतं. तिचा धाकटा भाऊ रोरी कोळंबीची बोट घेऊन एका वाळूच्या बेटाआड नांगर टाकून बसला होता. बेट कसलं, समुद्रातला उंचवटा तो. लाटा त्याच्यावरून गेल्या तर आडोसा संपला. नाही गेल्या, तर त्याच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. पाणी किती चढणार, हे या एका संगणकालाच ठाऊक होणार होतं.

"व्हर्न, बसू की निघू?" रेडिओवर रोरी ओरडला. "अंधारात प्रवाळाच्या फटीतून बोट काढायला लावू नकोस हं! तुझा तो डबा झोपलाय का?"

"थांब रे जरा. येतंय."

तिने बंदर-अधिकारी क्लाइव्ह पास्कोला गाठलं. "क्लाइव्ह, मशीनला काय केलंस?"

"मी कशाला काय करू? ती आकडेमोडीची जादा चिप होती ना, ती साखर कारखान्याच्या सर्व्हेअरला दिली. इथं नुसती बसून होती बिचारी."

"मला न विचारता?"

"अगं, तपासून दिली! पत्रं तितक्याच झटपट टाइप होतात. भरतीचं एक छोटं गणितही घालून बघितलं. उत्तर तेच आलं, शेवटच्या आकड्यापर्यंत."

"तेच येणार! चिप नसली की प्रोग्रॅम गुपचूप तीच आकडेमोड स्वतः रेटत बसतो, एकेक पायरी चढत. छोट्या गणितात कळत नाही. पत्र टाइप करायला तर ती लागतच नाही. पण वादळाच्या गणितात गुणाकारांना अंत नसतो रे!"

क्लाइव्हचा चेहरा उतरला. वाईट माणूस नव्हता तो, काटकसरी होता. वेळ मात्र त्याला कधी खर्चात धरता आला नाही. चिप परत आणावी तर कारखान्याचा रस्ता पुराखाली गेला होता. तो फोन करून बघतो म्हणून आतल्या खोलीत गेला. व्हर्नाला त्याचा भयंकर राग आला होता, पण रागवायलाही आता सवड नव्हती.

खिडकीबाहेर आभाळ जखमेसारखं काळंनिळं पडलं. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होता. अजून थोडा वेळ गेला असता तर प्रवाळाची फट दिसेनाशी झाली असती. मग उत्तर येऊन काय, वरातीमागून घोडं!

तिने माइक उचलला. "रोरी, निघ. आत्ताच्या आत्ता."

"नक्की? गणित आलं?"

तिने पडद्यावरच्या अर्धवट आकड्याकडे पाठ फिरवली. "निघ म्हणते ना!"

"बरं बाई. नांगर उचलतो."

त्यानंतर वाऱ्यानं छपराचे पत्रे वाजायला लागले. तिने दोनदा हाक मारली. रेडिओवर नुसती खरखर होती.

तेवढ्यात आतल्या खोलीत प्रिंटर कुरकुरला आणि क्लाइव्ह कागद फडकवत धावत बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर मघापासून पहिल्यांदाच हसू होतं.

"आलं बघ उत्तर! बेट बुडत नाही, व्हर्ना. चांगलं कोरडं राहतंय. सांग तुझ्या भावाला, म्हणावं जागचा हलू नकोस."